‘इतर’ रकान्यातला नाशिककर

निफाडकडच्या एखाद्या द्राक्षबागायतदाराच्या कानाखाली गाठ येते. दुखत नाही म्हणून सहा-आठ महिने अंगावर काढली जाते. मग सुई तपासणी, ऑपरेशन, रिपोर्टवर लाळग्रंथीचा कॅन्सर, आणि त्या रात्री घरातला इंजिनीअर मुलगा मोबाइल घेऊन बसतो. चार शब्द टाकले की आयुष्याचा हिशोब मांडून देणारी पानं त्याला सापडतात. वय भरा, गाठ किती सेंटिमीटरची ते भरा, मानेत पसरलाय का, पेशींचा प्रकार कोणता, शेक म्हणजे किरणोपचार दिला का. लग्न झालंय का, हेही भरा. शिवाय एक रकाना वंशाचा: गोरे, काळे, इतर. मुलगा ‘इतर’वर बोट टेकवतो आणि खाली आकडा उमटतो, पाच वर्षं जगण्याची शक्यता अमुक टक्के.

आकडा काढणाऱ्यांनी लबाडी केलेली नसते. पण ज्या माणसांवरून तो काढला त्यांत निफाडचं कुणी नव्हतं, सुरगाण्याचं नव्हतं, मालेगावचंही नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या रुग्णांचं पुढे काय झालं हे विचारायची जबाबदारी ऑपरेशनचे पैसे देणाऱ्या सरकारने घेतली पाहिजे, निदान दहा वर्षं. ती कुणी घेत नाही तोवर नाशिकमध्ये सांगितला जाणारा प्रत्येक टक्का उसनाच राहणार.

महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर उपचाराचे पैसे देणाऱ्या सरकारी योजनेचे कागद जमवायला नातेवाइकांना मदत करणाऱ्या एका छोट्या गटात मी बसते. डॉक्टर मी नाही, त्यामुळे उपचार कोणता चांगला यात मी पडत नाही. आकडा कुठून येतो, हे मात्र मला कळतं.

आधी आजाराबद्दल थोडं. कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची आणि जिभेखालची अशा मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय टाळू, ओठ, गाल यांच्या अस्तरात विखुरलेल्या ६०० ते १००० बारीक ग्रंथी. पॅरोटिडमधल्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात. डॉक्टर लोकांत एक जुना ठोकताळा आहे: ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कॅन्सरची असण्याची धास्ती मोठी. जगभरात वर्षाला सुमारे ५५ हजार लोकांना हा कॅन्सर होतो, म्हणजे तोंडाच्या कॅन्सरपुढे किरकोळच. तंबाखूशी त्याचं नातं तोंडाच्या कॅन्सरइतकं घट्ट नाही. म्हणूनच घरचे पुन्हा पुन्हा म्हणतात, “अहो, यांनी आयुष्यात कधी तंबाखूची पुडी हातात धरली नाही.” खरं असतं ते. ठाऊक असलेल्या कारणांत किरणोत्सर्ग आहे, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत हे दिसून आलं. बाकी बहुतेकांना ‘मलाच का’ याचं उत्तर मिळत नाही.

भाकीत अवघड होतं ते पुढे. ‘लाळग्रंथीचा कॅन्सर’ या एका नावाखाली वीसहून अधिक वेगवेगळे आजार नांदतात. म्युकोएपिडर्मॉइड नावाच्या प्रकारातला कमी आक्रमक कॅन्सर वेळेवर काढला तर बहुतेक रुग्ण बरे होऊन घरी जातात. लाळनलिकेचा कार्सिनोमा याच्या उलट: सूक्ष्मदर्शकाखाली स्तनाच्या कॅन्सरसारखा दिसणारा, झपाट्याने पसरणारा, पाच वर्षं गाठणारे बऱ्याच अभ्यासांत निम्म्याच्या आसपास. ॲडेनॉइड सिस्टिक नावाचा तिसरा प्रकार तर आकडेवाल्यांची परीक्षाच पाहतो. तो हळू वाढतो, मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकत जातो आणि सगळं आटोपलं असं वाटल्यावर दहाव्या-बाराव्या वर्षी फुफ्फुसात उगवतो. पाच वर्षांनी त्याचे दहातले सात-आठ रुग्ण हयात असतात. पंधरा-वीस वर्षांनी मोजलं तर निम्मेही उरत नाहीत. मग या रुग्णाला ‘पाच वर्षांचा आकडा पंच्याहत्तर टक्के’ असं सांगणं म्हणजे नक्की काय सांगणं? पाच वर्षं हा कॅन्सरवाल्यांचा सोयीचा टप्पा आहे, आणि हा आजार तो टप्पा जुमानत नाही.

आता ते मोबाइलवरचं पान. त्यामागची सामग्री बहुतेक वेळा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ‘सीअर’ या नोंदणीतून आलेली असते. ही नोंदणी १९७३ साली सुरू झाली आणि आज तिच्यात त्या देशाची जवळपास निम्मी लोकसंख्या येते. २०२५ पर्यंत करार करून कुठल्याही देशातल्या माणसाला ही सामग्री संशोधनासाठी मिळत असे. त्यामुळे तिच्यावर आधारलेल्या निबंधांचा पाऊस पडला, आणि ते लिहिणारे पुष्कळदा चीनमधल्या रुग्णालयांतले डॉक्टर असत. अमेरिकेचे रुग्ण, चिनी गणित आणि वाचायला निफाडचा पोरगा!

या नोंदणीचा मला हेवा वाटतो. पन्नास वर्षं माणसांचा माग ठेवणं ही साधी गोष्ट नाही. पण तिच्यात काय नाही, तेही पाहायला हवं. कॅन्सर पुन्हा उलटला का, याची नोंद तिच्यात मिळत नाही. केमो दिली की नाही या रकान्यात ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ ही दोन उत्तरं एकत्र घातलेली असतात. ऑपरेशनने काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या का, हा शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने मोलाचा प्रश्न. त्याचं उत्तर या निबंधांत सहसा सापडत नाही.

उलट लग्नाचा रकाना असतो. विवाहित रुग्ण तिकडे जास्त जगतात असं पुष्कळ निबंधांत निघतं. त्यात मंगळसूत्राचा महिमा काही नाही. घरात दुसरं माणूस असलं की गाठ लवकर नजरेला येते, तारखेला दवाखान्यात कुणी घेऊन जातं, गोळी चुकली तर कुणी ओरडतं. आपल्याकडे साठीच्या माणसांत बिनलग्नाचं शोधून सापडणार नाही, म्हणजे या रकान्याने आपल्याला काहीच कळणार नाही. इथे विचारायला हवं ते वेगळंच. मोटरसायकल असलेला भाचा आहे का? मुलाला कंपनीतून रजा मिळते का, की सातपूरला कंत्राटावर आहे आणि खाडा झाला की पगार कापला जातो?

ऑपरेशननंतर शेक द्यायचा तर तो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा, असा डोक्या-मानेच्या कॅन्सरचा सर्वसाधारण दंडक आहे. आठवड्याला पाच दिवस, अशा तीसेक बैठका. नाशिक शहरात राहणाऱ्याला त्या जमतात. सुरगाणा किंवा पेठच्या माणसाला शहरात दीड महिना मुक्काम टाकावा लागतो, तोही बरोबर एक माणूस घेऊन, आणि हंगाम असेल तर तिकडे भात नाहीतर नागली वाट पाहत असते. अर्ध्यावर शेक सोडलेला रुग्ण आणि पूर्ण घेतलेला रुग्ण मोबाइलच्या पानावर एकाच ‘होय’मध्ये जमा होतात.

कुणी म्हणेल, शरीर तर सगळीकडे सारखंच, गाठ अमेरिकेत मोठी झाली की वाईट आणि चांदवडला नाही, असं थोडंच आहे? बरोबर आहे, आणि इथेच एक बारकावा आहे जो डॉक्टरसुद्धा घाईत विसरतात. भाकीत करणाऱ्या गणिताचे दोन गुण वेगवेगळे तपासावे लागतात. एक, दोन रुग्ण समोर ठेवले तर कुणाची प्रकृती जास्त धोक्यात आहे हे ते नीट ओळखतं का. यासाठी एक निर्देशांक वापरतात, ०.५ म्हणजे छापा-काटा, १ म्हणजे अचूक. दुसरा गुण असा: गणित ज्या शंभर जणांना ‘सत्तर टक्के’ सांगतं, त्यांतले खरोखर सत्तरच्या आसपास जगतात का. पहिला गुण प्रवासात बराचसा टिकतो, दुसरा टिकेलच असं नाही. दिल्लीच्या मंडीत मोठा कांदा गोल्टीपेक्षा महाग असला तर लासलगावलाही असतो, पण म्हणून तिथला भाव इथे मिळेल असं निफाडचा कुणी शेतकरी धरून चालणार नाही. निबंधांच्या मथळ्यात मात्र पहिल्याच गुणाचा आकडा झळकतो, आणि रुग्णाला सांगितला जातो तो दुसऱ्याच्या भरवशावरचा टक्का.

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी पॅरोटिडच्या कॅन्सरसाठी भाकीत सांगणारा एक निर्देशांक बांधला. मला तो फार आवडतो, कारण त्यात लागणाऱ्या गोष्टी जिल्ह्याच्या ठिकाणचा डॉक्टर डोळ्यांनी, बोटांनी आणि सूक्ष्मदर्शकाने सांगू शकतो. वय, निदानाच्या वेळी वेदना होती का, गाठीचा आकार, मानेतल्या गाठी, कातडीपर्यंत पोचला का, चेहऱ्याची नस दुबळी झाली का. ऑपरेशननंतर आणखी दोन गोष्टी: मज्जातंतूभोवती पसरलाय का आणि कडा स्वच्छ आहेत का. यात महागडी जनुकीय तपासणी कुठे नाही. पण तो निर्देशांक बांधून ते गप्प बसले नाहीत. आधी एका केंद्राच्या रुग्णांवर बांधला, मग देशभरच्या रुग्णांवर ताडून पाहिला, मग इतर देशांतल्या रुग्णांवर. आपल्याकडे यातली पहिली बाजू, म्हणजे वय, वेदना, आकार ही माहिती, सगळी फाइलीत आहे. कोऱ्या असतात त्या शेवटच्या दोन ओळी: माणूस आज आहे का, आणि नसेल तर कधी गेला.

त्या ओळी कोऱ्या का राहतात, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या गटाने एका रुग्णालयाच्या सांगण्यावरून, तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जुन्या यादीतल्या लोकांना फोन लावायला घेतले. फाइलीवर शिक्का होता ‘फॉलोअपला येत नाहीत’. काही नंबर बंद. काही नंबर भलत्याचेच निघाले, कारण ऑपरेशनच्या गडबडीत शेजाऱ्याचा नाहीतर ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर लिहून दिलेला. एका घरी सुनेने उचलला. मी कोण, कुठून बोलते ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते दिवाळीतच गेले की. तुम्हाला कुणी कळवलं नाही का?” दवाखान्याला कळवायचं असतं, असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सुरगाण्याकडच्या एका फोनवर लहान पोरीचा आवाज आला, “आजा बांधावर गेलाय. सांजच्याला फोन करा.” फाइलीनुसार हा माणूस तीन वर्षं बेपत्ता होता. सांजच्याला केला. आजोबांना विचारलं, बाबा, तपासणीला का आला नाहीत? तर म्हणाले, “बरंय ना आता. बरं असताना दवाखान्यात कशाला यायचं?”

संख्याशास्त्रात अशा माणसाची सोय आहे. १९५८ साली कॅप्लान आणि मायर यांनी जी पद्धत मांडली तिच्यात, शेवटचा दिसला त्या दिवसापर्यंत माणूस जिवंत धरायचा आणि नंतर त्याला हिशोबातून अलगद बाजूला काढायचं. आलेखावर त्याच्या नावाची एक बारीक उभी रेघ उमटते. पद्धत सुंदर आहे, पण तिच्या पोटात एक अट आहे: बाजूला गेलेल्या माणसांचं पुढे तेच होतं जे राहिलेल्यांचं झालं. वर्गात ही अट मी खडूने फळ्यावर लिहीत असे आणि पोरं वहीत उतरवून घेत. नाशिकच्या यादीत ती अट दोन्ही बाजूंनी मोडते. दिवाळीत गेलेले गृहस्थ बाजूला पडले की आलेख उगाच गोजिरा दिसतो. बांधावरचे आजोबा बाजूला पडले की तो उगाच भेसूर दिसतो. दोन्हींत जास्त कोण, हे फोन लावल्याशिवाय कळत नाही. म्हणजे चूक किती ते सोडाच, ती कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा सांगता येत नाही.

त्यात मुंबईची भर. रिपोर्ट आला की निम्मी घरं ‘टाटाला दाखवून येऊ’ म्हणतात. स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक प्लास्टिकच्या डबीत घालून पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून परळ. यात चुकीचं काही नाही. वीस प्रकारांच्या या आजारात दुसऱ्या तज्ज्ञाने स्लाइड पाहणं फार महत्त्वाचं, कारण प्रकार चुकला तर पुढचं सगळं भाकीत चुकतं. पण एकाच माणसाची अर्धी फाइल इथे आणि अर्धी तिथे राहते. इथल्या दप्तरात तो ‘निघून गेला’, तिथल्या दप्तरात ‘परत आला नाही’, आणि माणूस ओझरला आपल्या घरी चहा पीत बसलेला.

आता आक्षेप.

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात दमदार: इतक्या दुर्मीळ आजारासाठी हा खटाटोप का? तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर दाराशी उभा असताना? मी उलट म्हणते, दुर्मीळ आहे म्हणूनच हे काम आवाक्यातलं आहे. २०११च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. हा कॅन्सर वर्षाला लाखात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. साठ रुग्ण धरा, हात सैल सोडून. दहा वर्षांत सहाशे नावं होतील. सगळे हयात आहेत असं धरलं आणि प्रत्येकाला वर्षातून दोनदा फोन केला तरी बाराशे फोन, म्हणजे आठवड्याला पंचवीससुद्धा नाहीत. एक माणूस, एक टेबल, एक फोन. ज्या शहरात सिंहस्थाच्या पर्वणीला रामकुंडावरची गर्दी मोजायला अख्खी यंत्रणा राबते, त्या शहराला आठवड्याला पंचवीस माणसं मोजणं जड जाऊ नये. आणि या छोट्या यादीवर ही घडी बसली की तीच तोंडाच्या कॅन्सरला लावता येते; तिथे आकडे मोठे आहेत, म्हणून सुरुवात तिथून केली तर पहिल्या वर्षातच सगळे दमतील.

सहाशे नावांतून काय साधणार, असंही विचारलं जाईल. नवं गणित बांधायला ती कमीच आहेत, वीस प्रकारांत वाटली तर फारच कमी. पण तयार गणित आपल्याकडे लागू पडतं का, हे तपासायला साधारण शंभर मृत्यूंची नोंद असावी असा संख्याशास्त्रात एक प्रचलित दंडक आहे. एका जिल्ह्याला तिथवर पोचायला वेळ लागेल. चार-पाच जिल्हे एकत्र आले तर तो बराच कमी होईल. गणित सगळ्यांना सरसकट दहा टक्के जास्त आयुष्य देतंय असं दिसलं, तर ती दुरुस्ती काही अवघड नाही, पदवीच्या मुलांकडून करून घेता येते.

दुसरा आक्षेप अलीकडचा: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळं सोडवेल, तुम्ही कुठे फोन फिरवत बसता? या विषयावर यंत्रशिक्षणाचे निबंध खंडीभर निघाले आहेत. उघडून पाहावं तर त्यांतल्या बऱ्याच निबंधांत सामग्री तीच, सीअरची. गणित नवं, माणसं जुनी. सुरगाण्याचे आजोबा जिवंत आहेत हे कुठल्याही यंत्राला त्यांच्या नातीला न विचारता कळणार नाही.

खासगीपणाचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. घरात कॅन्सर आहे हे गावात कळलं तर पोरींची लग्नं अडतात, ही भीती आजही खरी आहे. फोन कुणीही उचलू शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी, दाखल करून घेताना, रुग्णाची लेखी संमती घ्यावी आणि घरातलं कुठलं एक माणूस फोनवर बोलेल हे त्यानेच ठरवावं. दुसऱ्या कुणी उचलला तर आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. आमच्या फोनांत आम्ही हेच पाळत होतो आणि ते जमतं.

आणि सरकारी खर्च? खर्चाचं मोठं काम तर सरकारने आधीच केलं आहे. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना कॅन्सरच्या ऑपरेशनचे, शेकाचे, केमोचे पैसे देते. मंजुरीसाठी रुग्णालयातला आरोग्यमित्र रेशनकार्ड, आधार, फोन नंबर, तुकड्याचा रिपोर्ट, सगळं संगणकावर चढवतो. एका कागदावरचं नाव दुसऱ्याशी जुळलं नाही तर नातेवाइकाला तहसीलपर्यंत पळवलं जातं, हेही मी पाहिलं आहे. म्हणजे आत येताना माणूस इतका कसून ओळखला जातो, आणि पैसे चुकते झाले की तो कुणाचाच नसतो. एवढे पैसे घातले त्याचं फळ काय, हे सरकारला स्वतःच्या हिशोबासाठी तरी विचारावंसं वाटायला हवं. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत आणि महापालिकेत होतेच. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले जेमतेम पाचात एक असतात, पण आपल्याला कारण नसलं तरी चालेल, तारीख पुरेशी आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ साली बदलला, त्या नोंदी आता डिजिटल होत आहेत. योजनेची यादी आणि मृत्यूनोंदणी एकमेकांशी ताडून पाहणं हे तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. नावांची स्पेलिंगं छळतील, एकच माणूस तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेला असेल, तेवढं गृहीत धरावं.

हे आपल्या मातीत होत नाही असं कुणी म्हणू नये. देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कॅन्सर नोंदणी मुंबईत १९६३ साली सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण नोंदणी उभी राहिली. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, संशयित रुग्णांना तपासणीला आणलं आणि नंतरही त्यांचा पाठपुरावा ठेवला. म्हणूनच बार्शीच्या रुग्णांच्या जगण्याचे आकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासांत छापले गेले. २०२० साली आलेल्या राष्ट्रीय नोंदणी अहवालात देशातल्या २८ नोंदण्या होत्या. त्यांत महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड ही नावं आहेत. नाशिक नाही. बार्शी एक तालुका आहे. नाशिक जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, शालिमारजवळ विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, कॅन्सरची खासगी रुग्णालयं आहेत. आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालयं ज्याला जोडलेली आहेत त्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून याच शहरात, म्हसरूळला आहे. ही शेवटची गोष्ट नाशिककर विसरूनच जातात.

कर्नाटक, पंजाब, त्रिपुरा यांसारख्या राज्यांनी कॅन्सरचा रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक केलं आहे. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ साली देशभर तसं करावं अशी शिफारस केली. मी तिच्या बाजूची आहे, पण माझी एक शंका आहे. रुग्ण सापडल्याचं कळवलं की कायदा खूश होतो. किती जणांना कॅन्सर झाला हे त्याने कळेल. त्यांचं पुढे काय झालं, हे त्याच कायद्यात लिहून घेतलं नाही तर कळणार नाही.

एक आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मला घरोघर ऐकू येतो. “त्यांना काही सांगू नका.” भाकीतच नको, मग ते इथलं असो की अमेरिकेचं. मी या मताशी भांडत नाही, पण टेबलापलीकडून लोक खरं काय विचारतात ते सांगते. एक मावशी माझ्याकडून कागद भरून घेताना खालच्या आवाजात म्हणाल्या, “पोरीचं लग्न माघात धरलंय. अलीकडं घ्यावं का?” बागेसाठी नवं कर्ज काढावं का, तुकडाभर जमीन विकून मुंबईला न्यावं का, धाकट्याचं शिक्षण थांबवावं का, असेच बाकीचे प्रश्न. टक्का हा शब्द त्यात कुठेच नसतो, पण उत्तर द्यायला भाकीत लागतंच. डॉक्टरांनी ते दिलं नाही तर कुणीतरी देतंच: बाबा, बुवा, मोबाइल.

तोवर डॉक्टरांनी काय करावं? एकच आकडा सांगू नये. अशा रुग्णांत चांगलं होतं तेव्हा साधारण असं होतं, बहुतेकांचं असं, आणि वाईट झालं तर असं, अशा तीन वाटा सांगाव्यात. शिवाय हा अंदाज बाहेरच्या रुग्णांवरून बांधलाय, हे एक वाक्य न विसरता जोडावं. किती जगणार याच्याबरोबर कसं जगणार हेही सांगावं, कारण त्याबद्दल ते पान अवाक्षर काढत नाही. पॅरोटिडमधून चेहऱ्याची नस जाते. ती काढावी लागली तर डोळा मिटत नाही, तोंड वाकडं होतं, चूळ भरता येत नाही. शेकानंतर लाळ आटते. मग भाकरीच्या प्रत्येक घासाला पाणी लागतं, दात किडतात, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते. सत्तर टक्क्यांत आलेल्या माणसालाही हे भोगावं लागतं.

विद्यापीठाने ठरवलं तर सामुदायिक आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून हे फोन एका वर्षाच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून होऊ शकतात, आणि आमच्यासारखे निवृत्त लोक यादी तपासायला फुकट बसतील. पहिलं काम इतकंच: योजनेच्या संगणकातून नाशिक जिल्ह्यातल्या लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या ऑपरेशनांची सुरुवातीपासूनची नावं काढणं. परवानगीची एक सही मिळाली तर त्यातले किती जण स्वतः फोन उचलतात, किती घरी सून उचलते आणि किती नंबर बंद लागतात, हे येत्या दिवाळीच्या आत सांगता येईल.